आधी गादी, मग दांडी

सप्टेंबर २०२५ मध्ये टोकियोत जागतिक मैदानी स्पर्धेची पुरुषांची उंच उडीची अंतिम फेरी झाली. सुवर्णपदक न्यूझीलंडच्या हॅमिश कर्रने २.३६ मीटरची उडी मारून नेले. निकालपत्रात सहाव्या ओळीवर नाव होते सर्वेश कुशारे. नाशिक जिल्ह्यातल्या देवरगावचा, शेतकऱ्याचा मुलगा. उडी २.२८ मीटर, तोपर्यंतच्या त्याच्या आयुष्यातली सर्वांत उंच. तेजस्विन शंकरने २०१८ मध्ये केलेला २.२९ मीटरचा राष्ट्रीय विक्रम त्याच्यापासून एका सेंटीमीटरवर राहिला. जागतिक स्पर्धेत उंच उडीच्या अंतिम फेरीपर्यंत पोचलेला तो पहिला भारतीय. त्याच आठवड्यात क्रिकेटच्या आशिया चषकातल्या भारत-पाकिस्तान सामन्यानंतर कोणी कोणाशी हात मिळवला नाही, यावर देशभर खल चालला होता, त्यामुळे देवरगावच्या या मुलाकडे लक्ष द्यायला फारशी कोणाला सवड नव्हती.

सर्वेशच्या या प्रवासातली एक गोष्ट नंतर बऱ्याच ठिकाणी छापून आली. शाळेत असताना त्याला उडी मारायला खेळाडूंची मॅट नव्हती. क्रीडाशिक्षकांनी आणि मुलांनी मिळून मक्याचा भुसा भरून पडण्यापुरती गादी उभी केली आणि त्यावर हा मुलगा उड्या मारत राहिला. आपल्याकडे अशी गोष्ट कौतुकाने सांगायची पद्धत आहे: बघा, काही नसताना पोरगा कुठवर गेला. कौतुक योग्यच आहे. पण त्या गोष्टीतला खरा मुद्दा हा की काहीतरी होते. भुसा का असेना, गादी होती. ती नसती तर पुढचे काहीच घडले नसते.

हे आज लिहिण्याचे कारण तोरणमाळ. नंदुरबार जिल्ह्यात, अक्राणी तालुक्यात, सातपुड्याच्या माथ्यावर समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटरवर वसलेले हे पठार. शहाद्याहून पन्नासेक किलोमीटर, सात पायरीचा घाट चढून जावे लागते. पर्यटकांना यशवंत तलाव, सीताखाई आणि मच्छिंद्रनाथाची गुहा माहीत असते. भाविकांना महाशिवरात्रीची गोरखनाथाची यात्रा. खेळाविषयी बोलणारे मात्र तोरणमाळचे नाव निघाले की एकच वाक्य बोलतात: ‘इथली पोरं डोंगर चढून-उतरून तयार झालेली, नुसती संधी द्या, ऑलिंपिक मारतील.’ मंत्र्यांच्या भाषणात हे असते, बक्षीस समारंभाच्या प्रास्ताविकात असते आणि आमच्यासारख्यांच्या लेखांतही असते. हे वाक्य एकदा नीट तपासायला हवे, आणि त्यासाठी उंच उडीइतका सोयीचा खेळ दुसरा नाही.

धावण्याच्या बाबतीत ते वाक्य निम्मे खरे आहे. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत पायवाटांवर धावत मोठी झाली आणि २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये तिने कांस्यपदक घेतले. त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत त्याच अंतरावर रौप्य. नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यातला किसन तडवी लांब पल्ल्याच्या शर्यतींत राष्ट्रीय पातळीवर पोचला. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने तर स्टीपलचेसमध्ये केनियाच्या धावपटूंना घाम फोडला. या सगळ्यांना सुरुवातीला लागले काय? वाट, पाय आणि त्यांना हेरणारा एक माणूस. बूट नंतर आले, ट्रॅक त्याच्याही नंतर.

उंच उडीचे तसे नाही. पाहणाऱ्याला वाटते, हा तर सगळ्यात साधा खेळ. दोन खांब, एक आडवी दांडी, धावत या आणि उडी मारा. आश्रमशाळांच्या क्रीडास्पर्धांत उंच उडी असते, तालुक्याच्या शालेय स्पर्धांत असते, प्रमाणपत्रही मिळते. पण प्रत्यक्षात मैदानी स्पर्धांमध्ये उंच उडी आणि बांबू उडी हे दोनच प्रकार असे की ज्यांत खेळाडूला वर जाण्याआधी खाली येण्याची व्यवस्था करावी लागते. लांब उडीचा खेळाडू वाळूत पायांवर उतरतो. उंच उडीचा आजचा खेळाडू पाठीवर पडतो. आणि माणूस पाठीवर पडायला तयार होतो ते खाली काहीतरी मऊ आहे याची खात्री असेल तेव्हाच.

जागतिक संघटनेच्या नियमात त्या मऊ जागेचे माप दिलेले आहे. मोठ्या स्पर्धेसाठी मॅट किमान सहा मीटर लांब, चार मीटर रुंद आणि सत्तर सेंटीमीटर जाड हवी. गुणाकार केला तर जवळजवळ सतरा घनमीटर फोम होतो. तो तुकड्यांत येतो, वर जाळीचे आवरण असते, पावसासाठी वेगळे झाकण असते. सात पायरीच्या घाटातून तो टेम्पोने वर नेता येतो, त्यात अशक्य काही नाही. मात्र तोरणमाळचा पाऊस चार महिने धरून बसतो. मॅट उघड्यावर राहिली तर फोम पाणी पितो, जड होतो, कुजतो आणि मधोमध खड्डा पडतो. त्या खड्ड्यात पडलेल्या पहिल्या मुलाची मान दुखावली की शिक्षक तो प्रकारच बंद करतात. तालुक्या-तालुक्यांत असे होते. मॅट कागदावर शिल्लक असते आणि शाळेच्या एका खोलीत उभी करून ठेवलेली असते, तिच्यावर कबड्डीच्या जर्सी वाळत असतात. खरेदीची निविदा निघते, झाकणाची निघत नाही. शेडचा तर विषयच नको.

आता थोडे उडीकडे. आजची उंच उडी म्हणजे फॉसबरी पद्धत. खेळाडू आठ ते बारा पावले धावतो. पहिली पावले सरळ, शेवटची चार-पाच वळणावर, रोमन लिपीतल्या जे अक्षरासारखी. वळणावर धावताना शरीर आतल्या बाजूला कलते, सायकल वळवताना कलते तसे. शेवटच्या पावलाला दांडीपासून लांब असलेला पाय जमिनीवर रोवला जातो आणि सेकंदाच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्यात कललेले शरीर सरळ उभे होता होता वर फेकले जाते. धावण्याचा वेग इथे उंचीत बदलतो. जागतिक दर्जाचे पुरुष खेळाडू या क्षणी सेकंदाला सात-आठ मीटर वेगाने येत असतात. मग पाठ दांडीकडे वळते, डोके आणि खांदे आधी पलीकडे जातात, कंबर वर ढकलली जाते, पाठीची कमान होते आणि शेवटी पाय झटक्याने वर ओढले जातात. कमानीमुळे गंमत अशी होते की शरीराचा एकेक भाग दांडीवरून पलीकडे जातो, पण शरीराचा गुरुत्वमध्य दांडीच्या जेमतेम पातळीवर, कधीकधी खालूनही जातो. तेवढ्याच ताकदीत चार-सहा सेंटीमीटर जास्त मिळतात. त्या चार-सहा सेंटीमीटरांवर पदके ठरतात.

अमेरिकेच्या डिक फॉसबरीने १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये २.२४ मीटरची उडी मारून सुवर्णपदक जिंकले आणि जगाने ही पद्धत पाहिली. त्याआधी कात्रीउडी होती, वेस्टर्न रोल होता, पोट दांडीकडे करून जाण्याचा स्ट्रॅडल होता. या पद्धतींत खेळाडू पायावर, हातापायांवर किंवा कुशीवर वाळूत वा लाकडाच्या भुशात उतरत असे. पाठीवर पडण्याची कल्पना कोणाला सुचली नसेल असे नाही. वाळूवर ती परवडणारी नव्हती. फॉसबरीच्या काळात अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजांत फोमचे ढीग येऊ लागले आणि पद्धत बदलली. क्रीडाजगतात एका माणसाच्या डोक्यातून निघालेला शोध म्हणून ही गोष्ट सांगतात. त्या डोक्याइतकेच श्रेय खालच्या फोमलाही द्यायला हवे.

त्याच सुमारास, फॉसबरीला न पाहता, कॅनडात डेबी ब्रिल नावाची शाळकरी मुलगी तशीच पाठीवरून उड्या मारू लागली होती. तिच्या वडिलांनी घराजवळ मासे पकडायच्या जाळ्यात फोमचे तुकडे भरून तिच्यासाठी पडायची जागा केली होती. ही मुलगी १९७० च्या एडिंबरा राष्ट्रकुल स्पर्धेत सतराव्या वर्षी सुवर्णपदक घेऊन आली आणि १९८२ मध्ये, मूल झाल्यानंतर काही महिन्यांनी, बंदिस्त मैदानावरचा १.९९ मीटरचा विश्वविक्रम तिच्या नावावर लागला. जाळ्यातले फोमचे तुकडे आणि देवरगावातला मक्याचा भुसा यांत चाळीसेक वर्षांचे आणि अर्ध्या पृथ्वीचे अंतर आहे. दोन्हीकडे मोठ्या माणसांनी आधी पडण्याची व्यवस्था केली, हे मात्र सारखे.

‘आमची पोरं उंचीला कमी पडतात,’ हा आक्षेप नंदुरबारमध्ये हमखास ऐकायला मिळतो. उंच खेळाडूला फायदा असतो, यात वाद नाही. त्याचा गुरुत्वमध्य मुळातच वर असतो. पण स्वीडनचा स्टेफान होल्म १.८१ मीटर उंचीचा होता आणि त्याने बंदिस्त मैदानावर २.४० मीटर पार केले, म्हणजे स्वतःच्या डोक्यावर ५९ सेंटीमीटर. अमेरिकेचा फ्रँकलिन जेकब्स १.७३ मीटरचा, त्याने १९७८ मध्ये २.३२ मीटर केले. तेही ५९ सेंटीमीटरच. होल्म २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकचा विजेता. मुलाची उंची मोजून त्याला रांगेतून बाहेर काढणाऱ्या निवड चाचण्यांत होल्म पहिल्याच फेरीत घरी गेला असता. शिवाय तोरणमाळच्या मुलांच्या उंचीचा प्रश्न हा काही रक्ताचा नाही, बराचसा ताटाचा आहे. नंदुरबारचे नाव कुपोषणाच्या बातम्यांत वर्षानुवर्षे येते. ज्या वयात हाडे वाढतात त्या वयात डाळ, अंडे, दूध मिळाले नाही तर त्याचा हिशेब पंधराव्या वर्षी फूटपट्टीवर दिसतोच.

तोरणमाळच्या उंचीविषयीही एक गैरसमज आहे. उंचावर राहिले की दम वाढतो, म्हणून इथे उंचावरच्या सरावाचे प्रशिक्षण केंद्र काढा, अशी मागणी अधूनमधून होते. विरळ हवेमुळे रक्तातल्या तांबड्या पेशी वाढाव्यात, यासाठी साधारण १८०० ते २५०० मीटरची उंची लागते असे शरीरशास्त्र सांगते. केनियातले इटेन २४०० मीटरच्या आसपास आहे. भारतीय धावपटूंची शिबिरे ज्या उटीला होतात ती सव्वादोन हजारांच्या आसपास. ११५० मीटरवर तो परिणाम मिळेल, ही आशा फोल आहे. आणि उंच उडीपुरते बोलायचे तर पाच-सहा सेकंदांच्या या खेळाला विरळ हवेचा फायदाही नाही, तोटाही नाही. तोरणमाळचा खरा फायदा साधा आहे: एप्रिल-मे महिन्यात खाली शहादा-तळोद्यात ऊन माणसाला बाहेर पडू देत नाही, तेव्हा वर सकाळ-संध्याकाळ सराव होऊ शकतो. म्हणजे उन्हाळी शिबिराला ही जागा उत्तम आहे, ‘केनिया’ व्हायला नाही. एवढे मान्य केले तर योजना स्वस्त होईल आणि खरीही होईल.

लहान लोकसंख्येतूनही उंच उडीपटू निघतात हे समजायला इथे नॉर्वेकडे पाहायला हरकत नाही. नॉर्वेची लोकसंख्या पंचावन्न-छपन्न लाख. नंदुरबार जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेत साडेसोळा लाखांच्या आसपास. म्हणजे जवळजवळ साडेतीन नंदुरबार मिळून एक नॉर्वे होईल. बर्फाचा, स्कीइंगचा देश. उंच उडी हा काही त्यांचा राष्ट्रीय खेळ नव्हे. तरी १९९४ च्या हेलसिंकी युरोपीय स्पर्धेत स्टाइनार होएनने २.३५ मीटर उडी मारून सुवर्णपदक घेतले आणि १९९७ मध्ये अथेन्सच्या जागतिक स्पर्धेत हान्ने हॉगलँड १.९९ मीटरवर जगज्जेती झाली. त्याच महिन्यात झ्युरिकला तिने २.०१ मीटर पार केले. तेव्हा ती २९ वर्षांची होती. टोकियोत सर्वेशचे वय तीस होते.

या दोन वयांवर थोडे थांबू. आपल्याकडे खेळाडूची कारकीर्द म्हणजे शालेय राज्यस्पर्धा, दहावी-बारावीचे वाढीव गुण, मग पोलीस भरती. अठराव्या वर्षी सगळे आटोपलेले असते. उंच उडीचा खेळाडू त्या वयात नुकता सुरू झालेला असतो. उडीच्या पायाचा घोटा, गुडघ्याच्या वाटीखालचा स्नायुबंध, कंबर, यांना शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार झेलायची सवय वर्षानुवर्षे लावावी लागते. घाई केली की तोच गुडघा जातो. वळणावरची लय जमायला आणखी काही वर्षे. सर्वेशच्या कारकिर्दीचा आलेख पाहा: २०१९ मध्ये दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण, २०२२ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत २.२७, २०२३ मध्ये बँकॉकला आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत २.२६ मीटरवर रौप्य, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये २.१५ वर थांबून पात्रता फेरीतच बाहेर, आणि पुढच्याच वर्षी जगात सहावा. २०२२ ते २०२५ या तीन वर्षांत सर्वोत्तम उडी वाढली एक सेंटीमीटरने. असा खेळाडू तीन वर्षे एका सेंटीमीटरसाठी सराव करत राहतो, तेव्हा त्याच्या घरचा किराणा कोण भरते?

सर्वेशच्या बाबतीत उत्तर आहे लष्कर. तो सैन्यात गेला, पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये सराव करू लागला, पगार सुरू झाला, आहाराची आणि डॉक्टरची काळजी मिटली. अविनाश साबळेही सैन्यातलाच. तेजस्विन शंकरची वाट वेगळी. तो अमेरिकेत कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिष्यवृत्तीवर गेला आणि २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत कांस्यपदक घेऊन आला, उंच उडीतले भारताचे राष्ट्रकुलमधले पहिले पदक. मार्ग दोनच दिसतात: वर्दी किंवा विमान. तोरणमाळच्या मुलासाठी पहिलाच शक्य आहे, आणि तोही भरतीच्या वयापर्यंत मूल खेळात टिकले तर. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, ती सोय मोलाची आहे. परंतु नोकरी मिळाली की सराव संपतो, असा तिचा आजचा अर्थ झाला आहे. नोकरी मिळाली की सराव सुरू होतो, असा लष्कराने केला. पोलीस आणि वनखात्याला हे शिकता येण्यासारखे आहे.

नॉर्वेची दुसरी गोष्ट अधिक अडचणीची, कारण ती पैशाची नाही. तिथल्या क्रीडा महासंघाने १९८७ मध्ये मुलांच्या खेळासाठी नियम केले आणि पुढे त्यांना मुलांच्या हक्कांचे रूप दिले. लहान मुलांच्या स्पर्धांत क्रमवारी लावायची नाही, निकालाच्या याद्या छापायच्या नाहीत. तेरा वर्षांखालच्या मुलांची राष्ट्रीय अजिंक्यपदे भरवायची नाहीत. मुलांनी अनेक खेळ खेळावेत, निवड नंतर करावी. तेलाच्या पैशावर उभा असलेला देश आहे, गावोगावी बंदिस्त सभागृहे आहेत, ही सगळी तुलना आपल्याला लागू नाही हे उघड आहे. पण दहा-अकरा वर्षांच्या पोरांना पदकासाठी ताणायचे नाही, या नियमाला एक छदामही लागत नाही. आपल्याकडे चौदा वर्षांखालच्या गटात खोट्या जन्मतारखा घालून मोठी मुले उतरवतात, आणि खरा बारा वर्षांचा मुलगा हरून घरी जातो तो परत येत नाही.

होएनविषयी आणखी एक. निवृत्तीनंतर तो ऑस्लोच्या बिस्लेट या नावाजलेल्या स्पर्धेचा संचालक म्हणून बरीच वर्षे काम करत होता. तिथल्या खेळाडूची कारकीर्द उड्या थांबल्यावर संपली नाही, खेळाच्या कारभारात गेली. आपला निवृत्त खेळाडू कुठे जातो? नशीब असेल तर शाळेत क्रीडाशिक्षक म्हणून, पण त्या जागा किती भरल्या जातात हे कोणत्याही आश्रमशाळेत विचारून पाहावे. क्रीडेचा तास बहुधा भाषेच्या किंवा गणिताच्या शिक्षकाच्या गळ्यात असतो. तो भला माणूस शिट्टी वाजवतो, मुलांना पळायला सांगतो आणि वह्या तपासत बसतो. पळणे शिट्टीवर शिकता येते. वळणावर सहावे पाऊल कुठे पडले, टाच आधी टेकली की चवडा, दांडी कशामुळे पडली, खांद्याने की पोटरीने, हे सांगायला पाहणारा डोळा लागतो आणि तो डोळा ज्याने स्वतः उड्या मारल्यात त्याच्याकडेच असतो.

आता कॅलेंडर. अक्राणी, अक्कलकुवा भागातली असंख्य कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत उतरतात आणि होळीच्या आसपास परततात. ज्या मुलांना घरी ठेवायला कोणी नसते ती आई-बापांबरोबर जातात. शालेय स्पर्धांचा हंगाम ऑगस्टपासून, म्हणजे भर पावसात तालुक्याची निवड. आणि उडीचा पाया घालायचे महिने नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे नेमके स्थलांतराचे. पावसात चिखलात निवडलेला मुलगा थंडीत उसाच्या फडावर असतो. निवासी शाळा असल्याने सगळ्यांचेच असे होत नाही, आणि तोरणमाळला निवासी शाळा आहे ही जमेची बाजू आहे. पण पुण्या-मुंबईत बसून आखलेले प्रशिक्षणाचे वेळापत्रक जशाच्या तशा रूपात सातपुड्यावर लावले की पहिली अडचण ही येते. होळीला तर पाड्यापाड्यावर रात्रभर ढोल असतो. तेव्हा शिबिर ठेवणाऱ्याला समोर एकही मूल दिसणार नाही, आणि दिसू नये.

एक काळजीची बाब वैद्यकीय आहे. भिल्ल, पावरा समाजांत सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. केंद्राने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले, राज्याचा कार्यक्रम त्याआधीपासूनच आहे, कार्डेही वाटली जातात. ज्यांना आजार आहे त्यांची गोष्ट वेगळी. पण ज्यांच्यात फक्त वाहक गुण आहे ती मुले एरवी पूर्ण निरोगी असतात आणि खेळू शकतात. फक्त कडक उन्हात, पाणी न पिता, दम लागेपर्यंत पळवले तर त्यांना गंभीर धोका संभवतो. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने २०१० पासून वरच्या गटातल्या खेळाडूंसाठी ही तपासणी सक्तीची केली. आपल्याकडे रक्ततपासणीचे कार्ड आरोग्य विभागाच्या फायलीत आणि पळायला लावणारा शिक्षक मैदानावर, दोघांची गाठ पडत नाही. कोणाला खेळातून काढण्यासाठी ही माहिती नको आहे. कोणाला पाण्याची सुट्टी दोनदा जास्त द्यायची, एवढे कळण्यासाठी हवी आहे.

मग तोरणमाळला उंच उडीचे काय करता येईल? आमचे मत असे की भव्य काही करू नये. क्रीडासंकुल, प्रबोधिनी, अकादमी हे शब्द बाजूला ठेवावेत. तालुक्यांच्या क्रीडासंकुलांवर बांधकामाचा पैसा किती आणि खेळाचा किती, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. लहान मुलांना पाठीवरून उडी शिकवायचीच नाही. दहा ते तेरा वर्षांपर्यंत कात्रीउडी. वळणावरून धावत यायचे, बाहेरचा पाय रोवायचा, आतला पाय आधी दांडीवरून न्यायचा, मागचा नंतर, आणि पायांवर उतरायचे. त्याला चांगली उकरलेली वाळू पुरते. कात्रीउडी ही काही गरिबांची तडजोड नाही. जगातले चांगले प्रशिक्षक नवशिक्यांना आजही तिथूनच सुरू करतात, कारण वळण, कल आणि पाय रोवणे या तिन्ही गोष्टी तिच्यात येतात आणि डोके वरच राहते. दांडीही सुरुवातीला धातूची किंवा फायबरची नको. दोन बांबूंना ताणलेला लवचिक दोर चालतो. पोर अडखळले तरी लागत नाही आणि दर उडीनंतर दांडी उचलून ठेवण्यात तास जात नाही.

या मुलांत जे चार-पाच चौदाव्या वर्षीही कात्रीने चांगली उंची गाठतात आणि ज्यांना पुन्हा पुन्हा उडी मारण्याची हौस आहे, त्यांच्यासाठी पूर्ण मापाची एक मॅट. जिल्ह्याला दहा मॅट घेऊन दहा शाळांत कुजवण्यापेक्षा दोन घ्याव्यात, एक खाली शहाद्याला आणि एक वर, आणि वरच्या मॅटवर पत्र्याची शेड बांधावी. पाया पक्का, चारी बाजू मोकळ्या, जमिनीपासून मॅट लाकडी फळ्यांवर उचललेली, म्हणजे खालून ओल येत नाही आणि उंदरांनाही घर मिळत नाही. दांडीपलीकडे पडताना दीड मीटर उंचीच्या उडीत मूल सत्तर सेंटीमीटरच्या फोमवर जेमतेम ऐंशी सेंटीमीटर खाली येते. त्याच उडीत वाळूवर पाठीने पडले तर पूर्ण दीड मीटर. मणक्यासाठी हा फरक सगळा फरक आहे, आणि शिक्षकाच्या मनातली भीती जायलाही तेवढाच पुरतो.

माणसाचा प्रश्न मॅटपेक्षा कठीण. पूर्णवेळ प्रशिक्षक तोरणमाळला येऊन राहील ही अपेक्षा धरू नये. आले तरी बदलीचा अर्ज पहिल्या पावसात जातो. त्यापेक्षा उन्हाळ्यात चार-सहा आठवडे राज्यातल्या निवृत्त वा निवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या उडीपटूंना मानधन देऊन वर आणावे, आणि त्यांच्यासोबत इथल्याच पाड्यांवरचे, पावरी-भिलोरी बोलणारे दोन-तीन तरुण वर्षभरासाठी नेमावेत. पाहुणा डोळा शिकवेल, घरचा माणूस टिकवेल. मुलाला मराठीतली सूचना समजायलाच पहिले वर्ष जाते, हे शहरातल्या प्रशिक्षकाच्या लक्षात येत नाही. तो पोरगा मंद आहे असे ठरवून मोकळा होतो.

या सगळ्यातून तोरणमाळचा उंच उडीतला ऑलिंपियन निघेल का? दहा-बारा वर्षांत निघेलच असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. उंच उडीत देशभरातून एक खेळाडू जागतिक अंतिम फेरीत पोचायला २०२५ उजाडले. निघाले तर जिल्ह्याला दोन-चार राज्य पदकविजेते, लष्कराच्या भरतीत उतरणारी काही मुले-मुली आणि ज्यांनी स्वतः उड्या मारल्या आहेत असे चार-सहा क्रीडाशिक्षक. आमच्या मते एवढ्यासाठीही खर्च योग्य आहे. मुलींचा उल्लेख मुद्दाम केला: सावरपाड्यापासून आजवर या डोंगराळ पट्ट्यातून मैदानावर नाव काढण्यात मुली मागे नाहीत, पण उडीच्या रांगेत त्या क्वचित दिसतात, आणि त्याचे एक कारण शाळेच्या मैदानावर मुलींना कपडे बदलायलाही जागा नसते, इतके साधे आहे.

जिल्हा नियोजन समितीच्या पुढच्या बैठकीत क्रीडेवर तरतूद येईल, तेव्हा तीत मॅटच्या खरेदीसोबत शेडचा, झाकणाचा आणि वर्षभराच्या मानधनाचा वेगळा आकडा आहे की नाही, हे सदस्यांनी विचारावे. शेड नसेल तर मॅटची खरेदी पुढच्या वर्षावर ढकलावी. वाळू आणि बांबू तोवर पुरतील.